वकिलांच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला तरी तारीख का चुकते? या चुका टाळा

पुकारा झाला आणि आमच्या ऑफिसातलं कोणीच कोर्टात हजर नव्हतं. ज्युनिअरच्या मोबाईलमध्ये तारीख होती गुरुवारची, क्लार्कच्या डायरीत बुधवारची, आणि दोनच महिन्यांपूर्वी पैसे मोजून घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती केसच नव्हती. समोरचे वकील सज्जन निघाले, त्यांनी पुढची तारीख मागून घेतली, म्हणून दावा एकतर्फी चालण्यापासून वाचला.

आमचं ऑफिस तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात काम करणारं. पाच वकील, दोन क्लार्क, एक टायपिस्ट. त्या दिवशी दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. नोंद कोणी करायची, कधी करायची आणि ती तपासायची कोणी, हे न ठरवताच आम्ही ते विकत घेतलं होतं. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका आम्ही स्वतः केल्या आहेत. काही दुसऱ्यांच्या ऑफिसात पाहिल्या.

तीन डायऱ्या, त्यातली खरी कोणती?

कागदी डायरी एका रात्रीत बंद करू नका. पण दोन डायऱ्या अनिश्चित काळ चालवूही नका. आम्ही तीन महिने दोन्ही ठेवल्या आणि रोज संध्याकाळी क्लार्क व एक ज्युनिअर समोरासमोर बसून ताळा घेत. पहिल्या आठवड्यात जवळजवळ रोज काहीतरी चुकीचं सापडायचं. तिसऱ्या महिन्यात तसं होणं थांबलं, तेव्हा कागदी डायरी कपाटात गेली.

प्रत्येक केसला ओळख म्हणून सीएनआर क्रमांक (कोर्टात दाखल होताना केसला मिळणारा, फक्त तिचाच असा क्रमांक) वापरा, पक्षकाराचं नाव नको. ‘पाटील विरुद्ध पाटील’ नावाचे दावे आमच्याकडेच चार आहेत. सीएनआर १६ अक्षरांचा असतो: ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र, पुढची दोन अक्षरं जिल्ह्याची, दोन अंक न्यायालयाचे, मग सहा अंकी क्रमांक आणि शेवटी वर्ष. हा क्रमांक फाईलच्या पुठ्ठ्यावर, कॉम्प्युटरच्या फोल्डरवर आणि डायरीत एकसारखा हवा. तो टाकला की ई-कोर्ट्सच्या, म्हणजे न्यायालयांच्याच, ॲपवर केसची माहिती थेट उघडते.

आता याच ॲपबद्दलच्या दोन नेहमीच्या तक्रारी. पहिली: ‘फोन बदलला आणि माझ्या सगळ्या केसेस गेल्या.’ ॲपमध्ये जतन केलेली यादी त्या फोनवरच राहते. ती बाहेर काढून ठेवायची आणि नव्या फोनवर परत भरायची सोय ॲपमध्येच आहे. महिन्यातून एकदा ती फाईल ऑफिसच्या मेलवर पाठवून ठेवा. दुसरी: ‘ॲपवर जुनीच तारीख दिसते.’ कोर्टातल्या कर्मचाऱ्याने नोंद केल्याशिवाय ॲपला काही कळत नाही. बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या केसेसची यादी, मोठा असेल त्या दिवशी नोंद उशिरा होते. कोर्टात हजर असलेल्या माणसाने तारीख ऐकून लिहायची, संध्याकाळी ॲपशी जुळवायची, आणि फरक दिसला तर दुसऱ्या दिवशी रोजनामा (कोर्टाची रोजच्या कामाची नोंद) पाहायचा. यातली एकही पायरी गाळू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. कोर्टाच्या नोंदीत वकिलाचा म्हणून जो मोबाईल क्रमांक असतो, त्यावर एसएमएस येतात. आमच्या काही केसेसचे एसएमएस वर्षभर एका अशा ज्युनिअरला जात होते, ज्याने कधीच स्वतंत्र प्रॅक्टिस सुरू केली होती.

पुढची तारीख म्हणजे मुदत नव्हे

सगळ्यात महागडी चूक हीच. ई-कोर्ट्स तुम्हाला पुढची तारीख सांगतं. कायद्याने घातलेली मुदत कधी संपते, हे ते सांगत नाही. आणि जी केस अजून दाखलच झालेली नाही, तिला सीएनआरही नसतो.

चेक परत आल्याचं उदाहरण घ्या. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस, आणि ते उलटले की एका महिन्यात फिर्याद. या तीनही मुदती केस जन्माला येण्याआधी धावत असतात. व्यापारी दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, द्यायची. कोर्टाने वाढवून दिली तरी १२० दिवसांपलीकडे ती घेताच येत नाही. लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने, आणि पुरेसं कारण असेल तर फक्त आणखी ३० दिवस. विलंब माफीच्या अर्जाची सवय लागलेल्या आपल्यासारख्यांना हे ‘फक्त’ फार जड जातं.

म्हणून सुनावणीची डायरी आणि मुदतीची डायरी हे दोन वेगळे रकाने करा. चेक परत आल्याचा बँकेचा मेमो हातात आला, निकालाच्या नकलेसाठी अर्ज केला किंवा समन्स मिळालं, की त्याच क्षणी मुदतीचा शेवटचा दिवस टाकायचा. त्याआधी १५ दिवस आणि ७ दिवस अशा दोन आठवणी लावायच्या. आठवण एकाच माणसाच्या मोबाईलवर नको. तो नेमका लग्नाला गावी गेलेला असतो. आणि दिवस मोजायचं काम सॉफ्टवेअरवर सोडू नका. मोजणी कुठल्या दिवसापासून सुरू होते, हा कायद्याचा प्रश्न आहे.

जुन्या फॉन्टचा गठ्ठा

हा खास आपला, मराठी त्रास. वीस वर्षांचे मसुदे श्रीलिपी, कृतिदेव किंवा सुरेखसारख्या फॉन्टमध्ये आहेत. फाईल नव्या कॉम्प्युटरवर उघडली की ‘वाटणीचा दावा’ऐवजी इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा कचरा दिसतो. या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागीच देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसेल तर कॉम्प्युटर मूळ इंग्रजी अक्षरंच दाखवतो. फॉन्ट असला तरी ‘वहिवाट’ असा शब्द शोधून काही सापडत नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी त्या फाईलमध्ये एकही मराठी शब्द नाही.

इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही ऑफिसं सगळंच युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी म्हणून कळणाऱ्या रूपात, बदलायला घेतात आणि महिनाभराने दमून सोडतात. काही जण जुनाच फॉन्ट धरून बसतात आणि मसुदा दुसऱ्याला पाठवायची वेळ आली की प्रिंटचा फोटो पाठवतात. आम्ही फक्त रोज लागणारे नमुने बदलले: वकीलपत्र, मुदत अर्ज, पुरसिस, नक्कल अर्ज, दरखास्त, मनाईचा दावा. बाकी जुनं सगळं पीडीएफ करून ठेवलं.

रूपांतर करून देणारी साधनं सहज मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. रफार आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर बसते, ‘दुसऱ्या’मधला र मोडतो. याहून धोकादायक म्हणजे आकडे आणि तिरप्या रेघा. गट क्रमांकातला एक पोटहिस्सा गळाला तर वर्णन दुसऱ्याच जमिनीचं होतं. रूपांतरित मसुद्यातलं मिळकतीचं वर्णन सातबारा समोर ठेवून एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने तपासायचं.

टायपिस्टच्या बाबतीतही थोडं सांभाळून घ्या. आमचे टायपिस्ट, त्यांना सगळे मामा म्हणतात, टाइपरायटरवर शिकलेले. त्यांच्यावर इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची वेगळी मांडणी लादली तेव्हा त्यांचा वेग निम्म्यावर आला आणि ते राजीनाम्याच्या गोष्टी करू लागले. रेमिंग्टनच्या, म्हणजे टाइपरायटरच्याच, मांडणीचा युनिकोड कीबोर्ड मिळतो, हे आम्हाला सहा आठवड्यांनी कळलं.

छापायचं, स्कॅन करायचं, चढवायचं

ई-फायलिंगसाठी टाइप केलेला मजकूर छापायचा, सही करायची आणि पुन्हा सगळी पानं स्कॅन करायची, ही सवय मोडा. स्कॅन म्हणजे नुसती चित्रं; त्यात शोध लागत नाही आणि फाईल फुगते. कॉम्प्युटरवरूनच थेट पीडीएफ करा, डिजिटल किंवा आधारची ई-सही वापरा, आणि सोबतच्या जुन्या कागदांपुरतंच स्कॅनिंग ठेवा, तेही ३०० डीपीआयवर. टेबलावर ठेवून मोबाईलने काढलेल्या फोटोत आपलीच सावली पडते. डिजिटल सहीच्या टोकनची मुदत कधी संपते, तेही मुदतीच्या डायरीत लिहा; ती नेमकी स्टे मागायच्या दिवशी संपते.

नाव झाकायचं असेल तर त्यावर काळी पट्टी ओढून भागत नाही. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी असाच एक अर्ज दाखल केला होता. पत्रकारांनी काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला आणि सगळं वाचलं. आपल्याकडे पोक्सोच्या केसमध्ये पीडित बालकाची ओळख अशी फुटली तर तो गुन्हाच आहे. मूळ मसुद्यातून नाव काढून टाका, मगच पीडीएफ करा, आणि पाठवण्याआधी कॉपी-पेस्ट करून स्वतः पाहा.

फाईल ऑफिसची की ज्युनिअरची?

मसुदे ज्युनिअरच्या खासगी जीमेलवर, पक्षकाराचे कागद क्लार्कच्या व्हॉट्सॲपवर, आणि सिनिअरकडे फक्त प्रिंट. अशा ऑफिसातून एक माणूस गेला की निम्मं ऑफिस जातं. ऑफिसच्या नावाचा मेल आणि ऑफिसचं एक सामायिक खातं, एवढ्यासाठी फार पैसे लागत नाहीत. नोटिसाही ऑफिसच्या क्रमांकावरूनच पाठवा. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका दरखास्तीत (निकालाच्या अंमलबजावणीच्या अर्जात) व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ नोटीस बजावली गेल्याचं मानलं, कारण ती पोचली आणि उघडली गेली हे दिसत होतं. उद्या हे दाखवायची वेळ आली आणि फोन सोडून गेलेल्या ज्युनिअरच्या खिशात असला, तर काय करणार?

बॅकअपची डिस्क कायम कॉम्प्युटरला लावून ठेवणं म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच टांगणं. खंडणीखोर व्हायरस आला की तो डिस्कही कुलूपबंद करतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसच्या हल्ल्यात डीएलए पायपरसारख्या जगभर पसरलेल्या लॉ फर्मचे मेल आणि फोन बंद पडले होते. एक प्रत ऑफिसबाहेर ठेवा, आणि तीन महिन्यांतून एकदा तिच्यातली एखादी फाईल खरंच उघडते का, ते पाहा.

पक्षकाराचा मोबाईल

पक्षकार रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठवतो, आपण ‘मिळालं’ म्हणतो, आणि पुराव्याच्या टप्प्यावर कळतं की त्याने फोन विकला. इथे जालन्याची केस आठवावी. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज दुपारी तीननंतर स्वीकारला गेला का, हा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रण. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या अपिलात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचं कायद्यातलं प्रमाणपत्र अनिवार्य आहे. पण गोरंट्याल यांनी प्रमाणपत्रासाठी पुन्हा पुन्हा मागणी केली होती आणि अधिकाऱ्यांनी ते दिलं नव्हतं. ती धडपड त्यांच्या कामी आली. म्हणून प्रमाणपत्राची मागणी लेखी करा, लवकर करा आणि पोच जपा.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि फाईलचं हॅश मूल्यही (फाईल जराही बदलली की बदलणारा तिचा डिजिटल ठसा) लिहायचं. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब चा नमुना नाव बदलून वापरणारे अजून दिसतात. व्हॉट्सॲपवरून फोटो किंवा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो आणि हॅश बदलतो. तेव्हा फाईल मूळ फोनवरून केबलने घ्या, त्याच दिवशी हॅश काढा, फोन जपून ठेवायला पक्षकाराला लेखी कळवा.

एआयने दिलेला निवाडा

न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली माटा विरुद्ध एव्हियांका या केसमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निवाडे दाखल केले आणि ५,००० डॉलरचा दंड ओढवून घेतला. आपल्याकडेही आयकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू खंडपीठाला डिसेंबर २०२४ मधला, अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांवर आधारलेला आदेश मागे घ्यावा लागला. ई-एससीआर या सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर त्याचे निवाडे फुकट मिळतात, उच्च न्यायालयाच्या निवाड्यांना आता तटस्थ उद्धरण क्रमांक (कुठल्या प्रकाशकाचा नव्हे, कोर्टाने स्वतः दिलेला) असतो. मूळ निवाडा उघडून परिच्छेद वाचल्याशिवाय तो यादीत जाऊ देऊ नका. आणि पक्षकाराचे कागद फुकटच्या चॅटबॉटमध्ये ओतू नका. गुपित राखायचं बंधन कॉम्प्युटरसमोर बसल्यावर सुटत नाही.

भाषांतराला मात्र आम्ही एआय वापरतो, आणि त्यात वेळ खरंच वाचतो. पहिल्याच सातबाऱ्यात त्याने ‘पोटखराबा’चं, म्हणजे जमिनीतल्या लागवडीला अयोग्य भागाचं, इंग्रजी पोटाचा विकार असं केलं होतं. सिनिअर, ज्युनिअर, कोणाच्याच नजरेला ते आलं नाही, मामांनी पकडलं. तेव्हापासून हक्कसोड, वहिवाट, आणेवारी, पोटहिस्सा अशा शब्दांची इंग्रजी प्रतिशब्दांसह एक यादी ते करत आले आहेत. भाषांतर सुरू करण्याआधी ती यादी आधी चिकटवायची, मग मजकूर. सध्या ती तिसऱ्या पानावर आहे.