कॅलिफोर्नियातलं घर टीओडी डीडने मिळालं असेल तर

आई-वडिलांनी ‘ट्रान्सफर ऑन डेथ डीड’ (टीओडी डीड, म्हणजे मृत्यूनंतर घर कुणाला मिळेल हे ठरवणारा दस्त) करून ठेवलं असेल तर घरासाठी प्रोबेट कोर्टात (मृताच्या मालमत्तेची वाटणी ठरवणाऱ्या कोर्टात) जावं लागत नाही. पण घर आपोआप नावावरही चढत नाही.

१. आधी काउंटी रेकॉर्डरकडून (काउंटीच्या दस्त नोंदणी कार्यालयाकडून) नोंदवलेल्या डीडची प्रत घ्या. नोटरीच्या तारखेपासून ६० दिवसांत ते नोंदलं गेलं होतं ना, हे पाहा. नसेल तर ते ग्राह्य नाही, थेट वकील गाठा.

२. मृत्युदाखल्याच्या प्रमाणित प्रती जास्तच मागवा. बँक, विमा, सगळीकडे लागतात.

३. ‘अफिडेव्हिट ऑफ डेथ’ (मृत्यूचं प्रतिज्ञापत्र) भरा. घराचं कायदेशीर वर्णन आणि दस्त क्रमांक डीडवरून अक्षर न् अक्षर उतरवा. कराच्या बिलावरचा पत्ता चालत नाही. आपल्या लोकांची अडचण इथेच होते: डीडवर वडिलांचं मधलं नाव पूर्ण आणि दाखल्यावर नुसतं आद्याक्षर. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं त्यातच लिहा. मग नोटरी करून दाखल्यासह रेकॉर्डरकडे नोंदवा.

४. बाकीच्या कायदेशीर वारसांना डीड आणि दाखल्याच्या प्रतींसह नोटीस द्या. भावंडांत सलोखा असला तरी हे टाळू नका.

५. मृत्यूनंतर १५० दिवसांत काउंटी असेसरला (मालमत्ता करासाठी घराचं मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला) मालकीबदल कळवा.

घरावरचं कर्ज मात्र घराबरोबरच येतं, त्यामुळे हप्ते थांबवू नका. आणि पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटला हे डीड लागू होत नाही. तिथली वारस नोंद वेगळी करावी लागते.