तणनाशकाचा पंप वेगळाच हवा

तासगाव-मिरज भागात उसाला लागूनच द्राक्षबाग असते. उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला फवारणी पंप बागेत कधीच नेऊ नका. टाकीच्या वायसरात आणि नळीत उरलेल्या अंशानेही वेलीची कोवळी पानं आकसतात. नुसतं पाण्यानं विसळून ते जात नाही. जुना पंप तणनाशकाला राखून ठेवा, त्यावर लाल पट्टा मारा. त्याला फ्लॅट फॅन, म्हणजे पंख्यासारखा पसरट फवारा देणारं नोझल लावा. कीटकनाशकाला हॉलो कोन, म्हणजे पोकळ शंकूसारखा फवारा देणारं.

मात्रा झाकणानं मोजू नका. आधी साधं पाणी मोजून भरा आणि नेहमीच्या चालीनं एक गुंठा, म्हणजे ३३ बाय ३३ फूट फवारा. ४ लिटर लागलं तर एकराला १६० लिटर, १६ लिटरचे १० पंप. लेबलवर एकरी २०० मिली असेल तर पंपाला २० मिली. पीक वाढलं की पाणी वाढतं, तेव्हा पुन्हा मोजा.

नोझल तुंबलं तर तोंडानं फुंकू नका, हे जिवावरचं आहे. तारही घालू नका, भोक मोठं होतं. जुन्या टूथब्रशनं घासा. पंप तीनदा विसळा आणि ते पाणी फवारलेल्याच पिकावर मारा. ओढ्यात, विहिरीजवळ नको.