हेडफोनसाठी लाकडी कप निवडताना लाकडाआधी काय तपासावे

हेडफोनच्या लाकडी कपांविषयी बोलताना महॉगनीचा आवाज भरदार, मेपलचा स्वच्छ आणि आबनुसाचा रेखीव, अशी वर्णने सर्रास केली जातात. ती सर्वस्वी खोटी नाहीत. मात्र कप बदलून आवाज बदलू पाहणाऱ्याने लाकडाच्या जातीपासून सुरुवात केली, तर फसगत होण्याचीच शक्यता अधिक. सतारीचे किंवा व्हायोलिनचे लाकूड तारांबरोबर कंप पावण्यासाठी असते, तर बंद हेडफोनचा, म्हणजे मागून हवा बाहेर न सोडणाऱ्या हेडफोनचा कप शक्यतो स्थिर राहावा लागतो. ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा पडदा एका ग्रॅमपेक्षाही हलका असल्यामुळे त्याच्या कित्येक पट जड असलेले लाकूड तो फारसे हलवूही शकत नाही.

म्हणून प्रथम कपाच्या आतील पोकळी मोजावी. पडद्यामागची कोंडलेली हवा स्प्रिंगसारखे काम करते; पोकळी लहान झाली की ही स्प्रिंग ताठर होते, अनुनाद वरच्या वारंवारतेकडे सरकतो आणि खोल खर्ज कमी होतो. बाहेरून ८० मिलिमीटर व्यासाच्या कपाची भिंत ५ ऐवजी ८ मिलिमीटर ठेवली, तर खोली तीच असूनही आतील घनफळ सुमारे १६ टक्क्यांनी घटते. लेथवर कातलेल्या दोन कपांत एवढा फरक सहज पडू शकतो आणि मग त्याचे श्रेय किंवा दोष लाकडाच्या जातीला मिळतो. दोन्ही कप मोहरीने काठोकाठ भरून ती मोजपात्रात ओतली, की तुलना होते; पाणी वापरण्याचा मोह टाळावा हे सांगायला नकोच.

त्यानंतर आतील परावर्तनांकडे वळावे. तळ सपाट आणि खोली ३५ मिलिमीटर असेल, तर सुमारे ४,९०० हर्ट्झच्या आसपास स्थायी तरंग (समोरासमोरच्या पृष्ठभागांमध्ये अडकून त्या वारंवारतेचा आवाज फुगवणारी ध्वनिलहर) तयार होऊ शकतो, आणि नेमक्या याच पट्ट्यात कान फार संवेदनशील असतो. गोलसर तळ, तसेच लोकरीचा किंवा नमद्याचा पातळ थर यांनी हा दोष कमी होतो. सोनीने १९८९ साली आणलेल्या एमडीआर-आर१० या हेडफोनचे झेलकोवा लाकडाचे कप वाखाणले जातात, पण त्यांच्या आतील वळणदार आकाराची चर्चा लाकडाइतकी होत नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

हे सारे समान ठेवल्यावर उरतो तो लाकडाचा खरा वाटा. महॉगनीची घनता दर घनमीटरला साधारण ५०० ते ६०० किलो, हार्ड मेपलची ७०० च्या आसपास, तर आफ्रिकन ब्लॅकवुडची १,२०० च्या वर असते. जड लाकडाची भिंत कमी कंप पावते. मात्र कंपन किती लवकर विझते हे लाकडाच्या अंतर्गत अवमंदनावर अवलंबून असते आणि ते घनतेवरून ठरत नाही. ड्रायव्हर काढून रिकाम्या कपावर नखाने टिचकी मारावी. ठणठणीत, रेंगाळणारा नाद आला तर भिंत जाड करणे किंवा आतून अस्तर लावणे योग्य; बद्द आवाज आला तर चिंता नाही. अतिजड कपांनी मान अवघडते, ही बाबही विसरू नये.

तुलना करताना स्मरणशक्तीवर विसंबू नये, कारण कप बदलेपर्यंत आधीच्या आवाजाची आठवण पुसट होते. त्यापेक्षा एका बाजूला एका लाकडाचा आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या लाकडाचा कप बसवून मोनो ध्वनिमुद्रण ऐकावे, मग हेडफोन उलटा घालून पुन्हा ऐकावे. फरक कपाबरोबर न जाता त्याच कानाशी राहिला, तर तो कानाचा आहे. शेवटी दोन्ही कपांची अदलाबदल करून पाहावी. फरक कपाबरोबर न जाता त्याच ड्रायव्हरशी राहिला, तर दोष ड्रायव्हरचा किंवा पॅडचा समजावा. दोन्ही पॅड सारखेच झिजलेले असणे अत्यावश्यक आहे, कारण पॅड बदलल्याने होणारा फरक लाकडाच्या फरकाहून बहुधा मोठा असतो.

कप पक्का बसवण्यापूर्वी लाकूड पुरते वाळलेले असल्याची खात्री करावी आणि आतूनही लाकडावर पॉलिशचा हात द्यावा. एरवी दमट हवेत ते फुगते, कोरड्या हवेत आक्रसते, आणि बॅफलशी, म्हणजे ड्रायव्हर बसवलेल्या तबकडीशी पडलेल्या बारीक फटीतून हवा गळू लागली की काळजीपूर्वक जुळवलेला खर्जच आधी बिघडतो.