जुनी फियाट घेताना: पत्रा, कागद आणि मिस्त्री

प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट ११०० घ्यायचे मनात असेल, तर गाडी पाहायला जाताना सोबत तीन वस्तू असाव्यात: एक साधा लोहचुंबक, एक पेन्सिल आणि दोन-चार पातळ कागद. चुंबक पत्र्यासाठी, पेन्सिल आणि कागद चेसिस नंबरासाठी. इंजिन कसे चालते हे विकणारा स्वतःच उत्साहाने दाखवतो; पत्रा आणि कागदपत्रे मात्र आपल्यालाच तपासावी लागतात, आणि जुन्या गाडीच्या व्यवहारात पैसे बुडतात ते याच दोन ठिकाणी.

पहिला प्रश्न वर्षाचा असावा. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली, १९६४ च्या सुमारास तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ हे नाव रूढ झाले. ही सनावळी केवळ हौसेची नाही, कारण गाडी कोणत्या नियमात बसते हे तिच्यावरून ठरते.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले असतील तर ती या व्याख्येतून बाद होते. अशा गाडीसाठी नमुना क्रमांक २० मध्ये अर्ज, विम्याची प्रत आणि जुने नोंदणीपुस्तक द्यावे लागते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, आणि नव्या नोंदणीला राज्याच्या संकेतानंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नोंदणी १० वर्षे टिकते, पुढच्या वेळी शुल्क ५,००० रुपये. मात्र ही गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. त्यामुळे रविवारी सकाळी मंडईपर्यंत चक्कर मारण्याची हौस असलेल्या माणसाने ‘व्हीए’च्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. १९८५ ची पद्मिनी तर या व्याख्येत बसतच नाही. तिची साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून वाढवून घ्यावी लागते.

आता पत्रा. चुंबकाभोवती पातळ फडके गुंडाळावे, म्हणजे रंगावर चरे पडत नाहीत, आणि तो दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी, उंबरठे आणि डिकीतली स्टेपनीची जागा यांवरून सावकाश फिरवावा. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. सांगलीजवळ पाहिलेल्या एका पांढऱ्या पद्मिनीच्या उंबरठ्यावर माझा चुंबक दोनदा घसरून खाली पडला, आणि पायाखालचे रबरी मॅट उचलल्यावर बोटभर भोकातून खालची फरशी दिसली. मालक शांतपणे म्हणाले, “अहो, तेवढं तर सगळ्याच जुन्या गाड्यांत असतं.” ते खोटे नव्हते, पण जमीन आणि उंबरठे सडलेली गाडी आणि बॉनेटच्या कडेला गंजलेली गाडी यांच्या डेंटिंगच्या खर्चात कित्येक पटींचा फरक पडतो. म्हणून मॅट उचलल्याशिवाय भाव बोलू नये, आणि पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरीची बैठकसुद्धा पाहावी.

इंजिनाबाबत त्या मानाने निर्धास्त राहावे. १०८९ सीसीचे हे चार सिलिंडरचे इंजिन साधे आहे, आणि ते खोलून पुन्हा जोडणारे मिस्त्री अजून सापडतात. गाडी थंड असतानाच सुरू करायला लावावी. विकणाऱ्याने ती आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सुरू करतानाचा निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे आणि कदाचित सिलिंडर बोअर करावे लागतील. ऑइलकांडीवर दुधाळ कॉफीसारखा फेस दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरले आहे, तिथून परत फिरावे. हँडल गिअर, म्हणजे स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा, ढिला असणे हा दोष मानू नये, पण दुसऱ्या गिअरमधून गाडी आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे असतात, हे आजच्या गाड्यांची सवय लागलेल्या पायाने विसरू नये. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र घेतल्या दिवशीच बदलाव्यात. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते जुन्या रबराला आणि गॅस्केटना मानवत नाही, आणि नळी गळून इंजिनावर पेट्रोल ठिबकले तर आग लागायला एक ठिणगी पुरते.

कागदपत्रांत पहिली तपासणी चोरीची. चेसिसवर ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासावी. उमटलेला ठसा नोंदणीपुस्तकातील नंबराशी अक्षरशः जुळला पाहिजे, आणि नंबराच्या भोवतीचा पत्रा घासलेला किंवा वेगळ्या रंगाचा नसावा. इंजिन नंबरही तसाच पाहावा, कारण इंजिने बदलली जातात आणि पुष्कळांना पुस्तकात ती नोंद करून घेण्याचे सुचत नाही. चोरीच्या नोंदींशी नंबर ताडून पाहण्यासाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ ही सोय आहे. आधी तिथे पाहावे आणि मगच इसार द्यावा. व्यवहार झाल्यावर मालकी बदलाचे नमुना २९ आणि ३० दोन्ही भरावेत. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. गाडी अपघातात किंवा गुन्ह्यात सापडली, तर पोलीस येतात ते नोंदीत नाव असलेल्याच्या दारात, मग गाडी प्रत्यक्षात कोणाकडेही असो.

निवृत्त टॅक्सी घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. या गाड्या रात्रंदिवस धावलेल्या, बहुतेक सीएनजीवर आणलेल्या आणि डिकीत सिलिंडरसाठी भोके पाडलेल्या आहेत. परवाना रद्द करून त्या खासगी नावावर आणणे हेही एक वेगळेच काम आहे. अंगणात शोभेसाठी ठेवायची असेल तर ठीक, चालवायची असेल तर खासगी मालकाची गाडी शोधावी.

तरीही त्या टॅक्सींशिवाय आजची फियाट चालली नसती. ती कोणाच्या हातून चालते हे नव्या मालकाने समजून घ्यावे. टॅक्सीचालक आणि त्यांचे मिस्त्री यांत उत्तर प्रदेशातून आलेल्यांचे प्रमाण मोठे होते; ज्या कुर्ल्यात गाडी तयार होत असे, त्याच कुर्ल्याच्या टर्मिनसवर गोरखपूरची कुशीनगर एक्स्प्रेस येऊन थांबते. जानेवारी २०१० मध्ये टॅक्सी परवान्यासाठी १५ वर्षांचे वास्तव्य आणि मराठीचे ज्ञान या अटींवरून राज्यात मोठा वाद झाला होता. भाषा यावी ही अपेक्षा मला रास्त वाटते, पण परप्रांतीय माणूस म्हणजे धोका हा हिशेब गॅरेजच्या अनुभवाशी जुळत नाही. माझा कार्बुरेटर पहिल्यांदा बिघडवला तो घराजवळच्या, चार पिढ्या इथेच काढलेल्या गॅरेजवाल्याने, आणि नीट केला तो जौनपूरच्या एका उस्तादाने. सुरक्षितता हवी असेल तर ती प्रांतावरून नाही, कागदावरून मिळवावी: ज्याच्याकडे गाडी आठवडाभर सोडायची त्याचे ओळखपत्र पाहावे, पत्ता लिहून घ्यावा, कामाची यादी आणि किलोमीटरचा आकडा दोघांच्या सहीने वहीत नोंदवावा, आणि हे शेजारच्या गॅरेजवाल्याबाबतही करावे. उस्तादाला यात अपमान वाटत नाही, उलट त्याने स्वतःच बदललेल्या प्रत्येक भागाचे जुने तुकडे पिशवीत घालून माझ्या हाती दिले.

याच स्थलांतरातून एक व्यावहारिक सूचनाही निघते. मे महिन्यात लग्नसराई आणि सुट्ट्यांसाठी आणि दिवाळीनंतरच्या छठपूजेला अनेक मिस्त्री गावाकडे जातात. इंजिन खोलण्याचे काम या दिवसांच्या तोंडावर देऊ नये, नाहीतर गाडी महिनाभर तुकड्यांत पडून राहते आणि त्यातले काही तुकडे हरवतात. सुटे भाग मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत विचारावेत, आणि जाताना जुना भाग हातात घेऊन जावे.

गाडी घरी आल्यावर तिची कुलुपे फारशी भरवशाची नाहीत हे गृहीत धरावे. बॅटरीच्या तारेवर एक कटऑफ स्विच बसवून घ्यावा: चोराला गाडी सुरू करता येत नाही, आणि जुन्या वायरिंगमुळे रात्री शॉर्ट सर्किट होण्याची भीतीही कमी होते. इग्निशन कॉइलच्या तारेत सीटखाली लपवलेला दुसरा स्विच असेल तर उत्तम, फक्त तो कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवावे. आमच्याकडे ते सांगायचे राहिले होते आणि गाडी सोसायटीच्या फाटकात अर्धा तास आडवी उभी होती.