बाहुलीच्या फोटोंसाठी फोन की कॅमेरा? कसं ठरवावं

संग्रहातल्या बाहुल्यांचे फोटो काढताना दोन गोष्टी सुरुवातीलाच लक्षात ठेवाव्यात. बाहुली हलत नाही, आणि बाहुली लहान असते. फोन पुरेल की कॅमेरा घ्यावा, याचं बहुतेक उत्तर या दोन गोष्टींत मिळतं. ती हलत नसल्यामुळे कमी उजेडातही ट्रायपॉडवर शटर सावकाश उघडं ठेवता येतं, म्हणजे महाग कॅमेऱ्याचा एक मोठा फायदा इथे फारसा उरतोच नाही. ती लहान असल्यामुळे जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की फोन एका तऱ्हेने त्रास देतो, कॅमेरा दुसऱ्या तऱ्हेने. मेगापिक्सेलचा आकडा बघून निर्णय घेऊ नका. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ३४ × २५ सेंमी आकारात नीट छापता येतो. स्क्रीनवर तर त्याहून कितीतरी कमी लागतं.

पायरी १ : बाहुलीचं प्रमाण आणि अंतर

माणसाचं पोर्ट्रेट काढताना आपण साधारण दीड ते दोन मीटरवर उभे राहतो. त्या अंतरावरून नाक, कपाळ आणि कान यांचं एकमेकांशी नातं डोळ्याला ओळखीचं वाटतं. बाहुलीसाठी हेच अंतर तिच्या प्रमाणाने भागायचं. बार्बीसारखी २९ सेंमीची, म्हणजे १/६ प्रमाणाची (माणसाच्या सहाव्या हिश्श्याएवढी) बाहुली असेल तर लेन्स २५ ते ३३ सेंमीवर हवी. १/४ प्रमाणासाठी ३८ ते ५० सेंमी. १/३ प्रमाणाच्या, ६० सेंमीच्या आसपासच्या बॉल-जॉइंटेड (गोल सांध्यांच्या) बाहुलीसाठी ५० ते ६५ सेंमी.

फोनवर काढलेल्या बाहुल्यांच्या फोटोंत सर्वात जास्त आढळणारी चूक इथेच होते. मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो, त्यामुळे चेहरा मोठा दिसावा म्हणून फोन १० सेंमीवर नेला जातो. १/६ च्या बाहुलीसाठी ते अंतर म्हणजे माणसाच्या तोंडापासून ६० सेंमीवर फोन धरण्यासारखं आहे. नाक पुढे येतं, कपाळ फुगतं, कान मागे जातात, आणि मूळ शिल्पकाराने घडवलेला चेहरा फोटोत राहत नाही. दोष फोनचा नसतो, अंतराचा असतो. मागे सरका आणि २× किंवा ३× झूम वापरा.

आता मोजपट्टी घ्या आणि जमिनीवर किंवा टेबलावर ते अंतर प्रत्यक्ष आखा. पुढच्या सगळ्या चाचण्या त्याच खुणेवरून करायच्या आहेत.

पायरी २ : चौकटीत किती मावायला हवं

तुम्हाला नेमके कसले फोटो हवेत? पूर्ण उभी बाहुली आणि तिचे कपडे? कमरेपासून वर? की फक्त चेहरा, रंगवलेल्या पापण्या आणि गालावरचे ठिपके दिसतील इतका जवळून? निर्णयाच्या वाटा इथेच फुटतात.

१/६ च्या बाहुलीपासून २५ सेंमीवर फोन २× वर ठेवला, तर चौकटीची लांब बाजू साधारण १९ सेंमी भरते. डोकं, खांदे आणि कमरेपर्यंतचा भाग छान बसतो. पूर्ण बाहुलीसाठी थोडं मागे जा किंवा १× वर या. तिथेही अडचण नाही. पण जेमतेम ४ सेंमीच्या चेहऱ्याने चौकट भरायची असेल, तर योग्य अंतर राखून ते करायला फुल-फ्रेमच्या (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, असलेल्या कॅमेऱ्याच्या) हिशेबाने १०० ते १२५ मिमीची, जवळ फोकस करणारी लेन्स लागते. बहुतेक फोनकडे ती नसते. मग फोटो कापून चेहरा मोठा करावा लागतो, आणि तसं करताना रेषांचा बारकावा हरवतो.

१/३ च्या बाहुलीत हा प्रश्न खूप सौम्य होतो. तिचा चेहरा दुपटीने मोठा असतो, अंतरही जास्त असतं, त्यामुळे फोनची टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स तिथे सहज फोकस करू शकते. म्हणजे बाहुली जितकी मोठी, तितका फोन पुरेसा.

पायरी ३ : फोकसची खोली समजून घ्या

कॅमेरा घेण्यामागे अनेकांच्या मनात एकच चित्र असतं: मागचं सगळं विरघळून गेलेलं, फक्त चेहरा स्पष्ट. बाहुल्यांच्या बाबतीत हेच चित्र फसवतं. जितकं जवळ जावं तितकी फोकसमध्ये राहणारी खोली कमी होत जाते. फुल-फ्रेम कॅमेऱ्याने, उभ्या चौकटीची उंची ८ सेंमी भरेल इतक्या जवळून १/६ च्या बाहुलीचा चेहरा एफ २.८ वर (हा अॅपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा लहान तितकं छिद्र मोठं) काढला, तर स्पष्ट भाग फक्त १ मिमीच्या थोडा वर असतो. पापणी स्पष्ट, नाकाचं टोक धूसर, विगची बट धूसर, आणि दुसरा डोळाही धूसर. त्याहून वाईट म्हणजे, बघणाऱ्याला लगेच कळतं की ही वस्तू अगदी लहान आहे. माणसाचा फोटो इतक्या कमी खोलीचा कधीच नसतो, म्हणून इतकी धूसरता दिसली की मन आपोआप ‘खेळणं’ असं वाचतं.

तोच चेहरा एफ ११ वर काढला की खोली जवळपास ५ मिमी होते, आणि डोळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंतचा भाग बहुतेक सामावतो. पूर्ण बाहुली ३६ सेंमीच्या चौकटीत असेल तर एफ २.८ वर दोन सेंमीहूनही कमी खोली मिळते आणि एफ ८ वर ५ सेंमी. बाहुली जिवंत, आपल्याएवढी वाटावी असं वाटत असेल तर एफ ५.६ ते एफ ११ हाच कामाचा पट्टा आहे.

फोनचा खरा फायदा इथे समोर येतो. मोठा सेन्सर असलेल्या फोनचा एफ १.८ हा फोकसच्या खोलीच्या हिशेबाने फुल-फ्रेमच्या साधारण एफ ६.५ च्या तोडीचा असतो. म्हणजे बाहुलीसाठी जे अॅपर्चर कॅमेऱ्यावर मुद्दाम निवडावं लागतं, ते फोनमध्ये काहीही न करता मिळतं, तेही लेन्स पूर्ण उघडी असताना. माणसांच्या पोर्ट्रेटमध्ये जी फोनची उणीव मानली जाते, ती इथे उपयोगी पडते. केवळ मागची धूसरता हवी म्हणून एफ १.४ ची लेन्स घेऊ नका; बाहुलीवर ती पूर्ण उघडी क्वचितच चालते.

पायरी ४ : हातातल्या फोनची नीट परीक्षा घ्या

खरेदीचा विचार करण्याआधी फोनला पूर्ण संधी द्या. त्यासाठी या गोष्टी क्रमाने करा.

१. पोर्ट्रेट मोड बंद करा. तो मागची धूसरता गणिताने तयार करतो आणि विगच्या सुट्या केसांपाशी, बोटांच्या फटीत, छत्रीच्या काड्यांत चुकतो. केसांची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते.

२. ब्यूटी किंवा त्वचा गुळगुळीत करणारे सगळे पर्याय शून्यावर आणा. फोनला बाहुलीचा चेहरा माणसाचा वाटला की तो हाताने रंगवलेले ठिपके आणि गालांवरची हलकी छटा डाग समजून पुसतो.

३. मॅक्रोचा (अगदी जवळच्या फोटोंच्या मोडचा) आपोआप होणारा बदल बंद करा. जवळ गेल्यावर बरेच फोन गुपचूप अल्ट्रा-वाइड लेन्सवर जातात. रंगही बदलतो आणि चेहराही वाकतो.

४. ३× वर खरोखर टेलिफोटो लेन्स चालू आहे का, ते तपासा. विषय खूप जवळ असला किंवा उजेड कमी असला तर फोन मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून दाखवतो. टेलिफोटो लेन्सवर बोट ठेवा. स्क्रीनवर काहीच फरक पडला नाही, तर ती लेन्स कामावर नाही. अशा वेळी थोडं मागे जा किंवा २× वर समाधान माना.

५. डोळ्यावर बोट दाबून ठेवा आणि फोकस व एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) लॉक करा. पांढरा विग किंवा काळा पोशाख असेल तर एक्स्पोजर हाताने थोडं वरखाली करावं लागतं. प्रो मोड (सेटिंग हाताने ठरवायचा मोड) असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ५० ते २०० मध्ये ठेवा आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाचं सेटिंग) आकड्यावर पक्का करा, नाहीतर पाठोपाठच्या दोन फोटोंत त्वचेचा रंग वेगळा येतो.

६. फोन ट्रायपॉडवर लावा आणि २ सेकंदांचा टायमर वापरा.

आता खिडकीशेजारी, इतर दिवे बंद करून, तीन फोटो काढा: पूर्ण बाहुली, कमरेपासून वर, आणि फक्त चेहरा. चेहऱ्याच्या फोटोत बाहुलीशेजारी एक मोजपट्टी लेन्सच्या दिशेने टोक करून सपाट ठेवा. किती मिलिमीटर स्पष्ट आहेत ते तिच्यावर थेट वाचता येतं. तिन्ही फोटो मोठ्या पडद्यावर पूर्ण आकारात उघडा.

पायरी ५ : दोष कोणाचा, ते ओळखा

रंग पिवळा किंवा निळसर असेल, तर कॅमेरा बदलून काही होणार नाही. खिडकीचा उजेड आणि घरातला दिवा एकत्र पडले आहेत. कपाळावर पांढरा चट्टा असेल तर तो व्हायनिलवरचा (बाहुलीच्या मऊ प्लास्टिकवरचा) दिव्याचा प्रकाश आहे. दिवा ४५ अंश बाजूला न्या आणि मध्ये पांढरा पातळ कागद किंवा कापड धरा. चेहरा फुगला असेल तर अंतर चुकलं. सावलीत कण दिसत असतील तर ट्रायपॉड नव्हता किंवा आयएसओ वर गेला. फोटोवर आडवे पट्टे आले असतील तर ती एलईडी दिव्याची थरथर आहे. शटर १/५० किंवा १/६० सेकंदापर्यंत, लागलं तर त्याहूनही सावकाश करा.

हे सगळं नीट केल्यावरही रंगवलेल्या पापण्यांच्या रेषा एकमेकींत मिसळत असतील, किंवा विगचे केस धाग्यांऐवजी जलरंगासारखे पसरलेले दिसत असतील, तर तो मात्र फोनचा दोष. छोट्या सेन्सरच्या चित्रावर फोन कण काढायची प्रक्रिया करतो आणि तिच्यात बारीक रेषा जातात. तुमचे बहुतेक फोटो चेहऱ्याचे असतील, तुम्ही स्वतः चेहरे रंगवत असाल आणि त्या कामाची नोंद ठेवायची असेल, तर कॅमेरा घ्या. इतरांनी घाई करू नये.

एक गोष्ट फोनच्या बाजूची आणखी आहे. बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर लेन्स आणायची असते, आणि बसलेली बाहुली जमिनीवर असेल तर ती उंची दहा-पंधरा सेंमीच असते. फोन उलटा धरला की लेन्स जमिनीला जवळजवळ टेकते आणि अगदी खालून वर बघणारा कोनही मिळतो. कॅमेऱ्याची लेन्स तळापासून चार-पाच सेंमी वर असते, ट्रायपॉड लावला की त्याहून वर.

पायरी ६ : कॅमेरा घ्यायचाच असेल तर

पैसा बॉडीवर (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर) नाही, लेन्सवर घाला. काही वर्षं जुनी, वापरलेली एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स (दोन्ही फुल-फ्रेमहून लहान सेन्सरचे प्रकार) बॉडी या कामाला पुरते. तीन गोष्टी मात्र बघा: उघडून वळवता येणारी स्क्रीन, फोकससाठी चित्र मोठं करून दाखवण्याची सोय, आणि अॅपर्चर हाताने ठरवायचा मोड.

कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिमीची लेन्स सुरुवातीला वाईट नाही. ५५ मिमीवर तिच्यातून चौकटीची लांब बाजू साधारण ८ ते १० सेंमीपर्यंत आणता येते. मात्र तेवढ्यासाठी खूप जवळ जावं लागतं आणि लेन्सची सावली बाहुलीवर पडते. सगळीकडे सुचवली जाणारी ५० मिमी एफ १.८ लेन्स बहुतेक वेळा ३५ ते ४५ सेंमीपेक्षा जवळ फोकसच करत नाही, आणि १/६ च्या बाहुलीवाल्यांची इथे निराशा होते. उपाय स्वस्त आहे: १० मिमीची एक्स्टेन्शन ट्यूब. तिच्यात काच नसते, फक्त लेन्स सेन्सरपासून दूर सरकते. तेवढ्याने विषय आणखी जवळून, मोठा घेता येतो. दूरचं फोकस तेवढ्यापुरतं जातं. ट्यूब विद्युत जोडणी असलेलीच घ्या, नाहीतर अॅपर्चर बदलता येत नाही.

१/६ आणि त्याहून छोट्या बाहुल्यांसाठी सर्वात चांगली निवड म्हणजे मॅक्रो लेन्स: एपीएस-सीवर ६० मिमीच्या आसपास, फुल-फ्रेमवर ९० ते १०५ मिमी. चेहऱ्याने चौकट भरली तरी अंतर पाव मीटरच्या पुढे राहतं, म्हणजे पायरी १ मध्ये आखलेल्या खुणेवरच. लेन्सच्या माहितीत दिलेलं किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं, लेन्सच्या टोकापासून नव्हे. खरेदीच्या वेळी हा फरक विसरू नका.

फोकस हाताने करा. चेहरा ओळखणारा ऑटोफोकस बाहुलीवर कधी चालतो, कधी कपड्यावरच्या छापील चित्रावर जातो. काचेच्या किंवा अॅक्रिलिकच्या डोळ्यांत तो चकाकीवर अडकतो, आणि बुबुळ तर काचेच्या घुमटामागे असतं. चित्र मोठं करून जवळच्या डोळ्याच्या पापणीच्या रेषेवर फोकस ठेवा. त्याच डोळ्यांत फोटो काढणाऱ्याचं प्रतिबिंबही येतं. गडद कपडे घाला किंवा लेन्सभोवती काळा कार्डबोर्ड लावा. खिडकीचा एक लख्ख ठिपका मात्र डोळ्यात राहू द्या, त्याशिवाय नजर मेल्यासारखी दिसते.

ट्रायपॉडवर एफ ८, आयएसओ १०० आणि शटर गरजेप्रमाणे, अगदी १/४ सेकंदसुद्धा, अशी सुरुवात करा. बाहेर वारा असेल तर विग हलतो. तिथे १/२५० च्या खाली जाऊ नका. रेझिनची बाहुली असेल तर थेट उन्हात फार वेळ ठेवू नका, अतिनील किरणांनी रेझिन पिवळं पडतं. एफ ११ वरही चेहऱ्याची पूर्ण खोली मिळाली नाही तर एफ १६ च्या पुढे जाण्यात अर्थ नाही, कारण विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे) सगळंच चित्र मऊ होतं. त्याऐवजी एफ ५.६ वर, फोकस दर वेळी १ ते २ मिमी मागे सरकवत पाच ते आठ फोटो काढा आणि संगणकावर एकत्र जोडा. तेवढा वेळ बाहुली ठेवली तशीच राहील. विगची एखादी बट मात्र स्टुलाला धक्का लागला तरी घसरते, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या फोटोतली बट जुळते आहे ना, हे बाहुली उचलण्याआधी पाहून घ्या.