क्रम लावा! ‘करोडपती’ला जाणाऱ्यांसाठी तयारीची यादी

‘कौन बनेगा करोडपती’ असो की मराठीतलं ‘कोण होणार करोडपती’, बोलावणं आलं की घरोघरी एकाच पद्धतीची तयारी सुरू होते. सामान्यज्ञानाची जाडजूड पुस्तकं येतात, राजधान्या आणि चलनं पाठ होतात, कुणीतरी नोबेलविजेत्यांची यादी छापून आणतं. हे सगळं करा, पण त्यावर मी शब्द खर्च करत नाही. शोध आणि संशोधक, नद्या आणि काठची शहरं, राज्यघटनेची कलमं, खेळाडू आणि पुरस्कार एवढं येतं म्हणूनच तुम्ही इथवर पोचलात. राहून जातो तो क्रम. मागच्या खेपेला माझ्या तयारीत तो नव्हता, आणि हॉट सीटवर दुसऱ्यांना बसलेलं पाहून मी परत आलो. म्हणून या यादीत क्रम पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

हॉट सीटवर कोण बसणार ते फास्टेस्ट फिंगरच्या फेरीत ठरतं. तिथल्या प्रश्नात चार गोष्टी देतात आणि त्या क्रमाने लावायला सांगतात. जुन्याकडून नव्याकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे, लहानाकडून मोठ्याकडे, असं काहीही. चार गोष्टी चोवीस प्रकारे लावता येतात आणि त्यातला एकच प्रकार बरोबर असतो. चार पर्यायांतला एक ठोकून द्यायची सवय इथे उपयोगाची नाही. शिवाय एकच गोष्ट चुकली असं इथे होतच नाही. एक चुकली म्हणजे किमान दोन चुकल्या, आणि मग तुम्ही कितीही लवकर बटण दाबलेलं असो, तुमचा विचार होत नाही. आधी चारही बरोबर, मगच वेळ मोजतात. हे नीट लक्षात ठेवा, कारण घाईत बोट चालवणारे दर भागात दिसतात.

आता एक उदाहरण जरा जवळून पाहा. रानडे, टिळक, आगरकर आणि गोखले. जन्मानुसार क्रम लावा म्हटलं तर रानडे 1842, मग आगरकर, मग टिळक, मग गोखले 1866. आगरकर आणि टिळक दोघेही 1856 च्या जुलैतले. आगरकर 14 तारखेचे, टिळक 23 चे. म्हणजे नुसतं साल पाठ असून भागत नाही. आता हीच चार नावं मृत्यूनुसार लावा. आगरकर 1895, रानडे 1901, गोखले 1915, टिळक 1920. सगळं चित्र फिरलं. प्रश्नात ‘जन्म’ आहे की ‘निधन’ हा एक शब्द वाचायचा राहिला तर चारही सनावळ्या तोंडपाठ असून तुम्ही बाहेर. मला सनावळ्या येत होत्या. त्या क्रमाने लावायची सवय नव्हती. साल आठवणं आणि चार सालं एकमेकांशेजारी ठेवून लावणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्याचा सराव वेगळा करावा लागतो. तो करा.

सराव कसा, तेही सांगतो. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर एकेक नाव लिहा. साल मागे छापील बाजूच्या कडेला बारीक अक्षरात लिहा, पुढे अजिबात नको. विषयवार गठ्ठे करा. घरातल्या कुणाला तरी कुठलीही चार काढून समोर टाकायला सांगा आणि प्रत्येकापुढे ए, बी, सी, डी अशी अक्षरं बोलायला लावा. तुम्ही नावं लावायची नाहीत, अक्षरं लावायची. ‘सी, ए, डी, बी’ असं थेट बोटाने मोबाईलवर उमटलं पाहिजे. खरा वेळ जातो तो इथे. क्रम मनात तयार असतो, पण कुठलं नाव कुठल्या अक्षरापुढे होतं हे पुन्हा पडद्यावर शोधत बसावं लागतं. हा सराव कुठल्याही पुस्तकात नाही आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. रोज जेवणानंतर थोडा वेळ, पण रोज.

चारही एकदम आठवायच्या मागे लागू नका. आधी दोन टोकं पक्की करा, सगळ्यात जुनं आणि सगळ्यात नवं. मग मधल्या दोघांतला निर्णय उरतो. उदाहरणार्थ प्लासी, बक्सार, पानिपतची तिसरी लढाई आणि शिवराज्याभिषेक. राज्याभिषेक 1674 हे पहिलं टोक उघड आहे. दुसरं टोक बक्सार, 1764. मध्ये प्लासी 1757 आणि पानिपत 1761. पानिपत जुनं वाटतं कारण ते नाव 1526 आणि 1556 शी जोडलेलं आहे. ‘तिसरी’ हा शब्द डोळ्यांखालून गेला पाहिजे.

गठ्ठे कुठले करायचे? राज्यांची निर्मिती तर हवीच. महाराष्ट्र आणि गुजरात 1960, नागालँड 1963, हरियाणा 1966, सिक्कीम 1975, गोवा 1987, तेलंगणा 2014. यात 2000 साल वेगळं पाठ करा. छत्तीसगड 1 नोव्हेंबर, उत्तराखंड 9 नोव्हेंबर, झारखंड 15 नोव्हेंबर. तिन्ही एकाच महिन्यात आहेत आणि प्रश्न काढणाऱ्याला असंच काहीतरी हवं असतं. आपल्या जिल्ह्यांचंही तेच. सिंधुदुर्ग आणि जालना 1981, लातूर आणि गडचिरोली 1982, नंदुरबार आणि वाशीम 1998, हिंगोली आणि गोंदिया 1999, पालघर 2014. राष्ट्रपती क्रमाने, पेशवे क्रमाने. मराठीचे ज्ञानपीठ मानकरी क्रमाने: खांडेकर 1974, कुसुमाग्रज 1987, विंदा 2003, नेमाडे 2014.

पुराणकथांचा गठ्ठा लोक हमखास सोडतात. आपल्याला कथा येतात, क्रम येत नाही. कौरवांचे सेनापती भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य. भीष्म दहा दिवस, द्रोण पाच, कर्ण दोन. हे दिवस लक्षात ठेवले की क्रम विसरणं अवघड जातं. रामायणाची कांडं, दशावतार आणि नक्षत्रंही घ्या. नक्षत्रांच्या बाबतीत आपल्याकडच्या लोकांना खरं तर फायदा आहे. पेरणीचं बोलणं ऐकत वाढलेल्याला मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य हा क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही. पण अश्विनीपासून सुरुवात करून एकदा तरी सगळी सत्तावीस म्हणून बघा.

भूगोलासाठी नकाशा भिंतीवर लावा आणि रेल्वेने विचार करा. मुंबईहून नागपूरला जाताना नाशिक, मनमाड, जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा लागतं. हाच पश्चिमेकडून पूर्वेकडे जाण्याचा क्रम. कोकण रेल्वेने चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, सावंतवाडी. हा उत्तरेकडून दक्षिणेकडचा. नद्या तापी, गोदावरी, भीमा, कृष्णा. घाट कसारा, माळशेज, बोर, कुंभार्ली, आंबा, आंबोली. रेल्वे जात नाही तिथे नकाशावर बोट ठेवून बघा, अंदाजावर जाऊ नका. चेन्नई बेंगळुरूच्या खाली असेल असं बहुतेकांना वाटतं, पण ते किंचित वर आहे. उंचीचाही गठ्ठा करा. कळसूबाई 1646 मीटर, साल्हेर 1567, महाबळेश्वर 1438, हरिश्चंद्रगड 1424. शेवटच्या दोघांत चौदा मीटरचा फरक आहे आणि हरिश्चंद्रगड चढून दमलेल्या माणसाला तो हमखास उंच वाटतो.

विज्ञानात ग्रह. सूर्यापासूनचा क्रम सगळ्यांना येतो, आकाराचा येत नाही. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून, पृथ्वी, शुक्र, मंगळ, बुध. युरेनस आकाराने नेपच्यूनपेक्षा मोठा, पण वस्तुमान नेपच्यूनचं जास्त. ‘आकार’ की ‘वस्तुमान’, पुन्हा तोच एक शब्द. आणि ‘चढता’ की ‘उतरता’ हाही. प्रश्नाचं शेवटचं वाक्य वाचल्याशिवाय बोट हलवायचं नाही. सरावातच ही सवय लावा, तिथे लागणार नाही.

चालू घडामोडींसाठी जुनी पुस्तकं वापरू नका. त्यात अजून औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर आहे. मराठीला अभिजात दर्जा 2024 च्या ऑक्टोबरात मिळाला. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची युनेस्कोच्या यादीत नोंद 2025 मध्ये झाली. त्यातले अकरा आपल्याकडचे आणि बारावा तामिळनाडूतला जिंजी. हे पुस्तकात नसतं, पेपरात असतं. पेपर रोज वाचा आणि महत्त्वाच्या घटना तारखेसकट एका वहीत ओळीने लिहा. ओळीने म्हणजे क्रमाने. तिथेही क्रम.

इतिहासाला बालभारतीची पुस्तकं पुरतात आणि भूगोलाला सहावी ते दहावीची. त्यांच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. अफवांपासून सांभाळा. हॉकी हा अधिकृतपणे जाहीर झालेला राष्ट्रीय खेळ नाही, तरी अनेक पुस्तकांत तसं छापलेलं असतं.

लाइफलाइन. तुमच्या पर्वात कुठल्या आहेत ते आधी पाहा, दरवेळी बदलतात. फोन असेल तर माणसं विषयावरून निवडा, नात्यावरून नाही. नमस्कार-चमत्कार करायचा नाही, सरळ प्रश्न आणि चार पर्याय वाचायचे. समोरच्याने उत्तरासोबत खात्री किती तेही सांगायचं, हे घरीच ठरवून ठेवा. प्रेक्षकांचा कौल सिनेमा-क्रिकेट-रोजच्या व्यवहाराच्या प्रश्नाला घ्या. अवघड प्रश्नाला तिथे बसलेल्यांनाही येत नसतं. पडावाच्या, म्हणजे हमखास हाती राहणाऱ्या रकमेच्या टप्प्याच्या, पुढे तुक्का मारायचा नाही, सोडायचं धाडस ठेवा.

कपडे एकरंगी घ्या. बारीक रेघा आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात लुकलुकतात आणि मोठी कंपनीची नावं चालत नाहीत. दोन जादा जोड न्या. स्टुडिओत थंडी असते, शाल घ्या. शूटिंग लांबतं, आदल्या रात्री झोपा. औषधं, चष्मा. कागदपत्रं चॅनेलने पाठवलेल्या यादीप्रमाणे, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही. सोबतच्या माणसाचीही. त्या माणसाला कार्डांचे गठ्ठे द्या. हॉटेलवर रिकामा वेळ पुष्कळ मिळतो, तेवढ्यात चार-चार कार्डांचे पंचवीस-तीस क्रम लावून होतात.

पैशाचं शेवटचं. जिंकलेल्या रकमेवर सरसकट 30 टक्के कर आणि वर उपकर लागतो. तुमचं बाकीचं उत्पन्न करमर्यादेच्या आत असलं तरी इथे ती सूट नाही. कर आधीच कापून घेतात. त्यामुळे घरी आकडा सांगताना कापून उरलेला सांगा आणि पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, ते निघायच्या आधी तपासा.