स्कॅनच्या टोकांना ठिपका पसरत होता, कारण आरशातच निघालं

लेसर स्कॅनरसाठी सिलिकॉनचा 2 मिमी व्यासाचा आरसा डिझाइन केला होता, रेझोनन्सवर (म्हणजे स्वतःच्या नैसर्गिक फ्रिक्वेन्सीवर) मस्त हलायचा पण स्कॅनच्या दोन्ही टोकांना लेसरचा ठिपका पसरायचा, मध्ये मात्र एकदम शार्प. आठवडाभर लेन्सच तपासत बसलो. मग लक्षात आलं, टोकाला आरसा थांबून उलटा फिरतो, तिथे त्वरण सगळ्यात जास्त आणि पातळ आरसा तिथेच चक्क वाकतो! जाडी, फ्रिक्वेन्सी, हलण्याचा कोन तेच असले तर हे वाकणं व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतं. म्हणून व्यास 1.5 मिमी केला, फ्रिक्वेन्सी तीच राहावी म्हणून आरसा धरणाऱ्या पट्ट्या बारीक केल्या, आणि वाकणं हिशोबाने जवळपास पाव झालं. लहान आरशाने डिफ्रॅक्शनमुळे (प्रकाशाच्या पसरण्यामुळे) ठिपका थोडा मोठा होतो, ते चालवून घेतलं. पुढच्या डिझाइनला मागून रिब्ज (आधाराच्या उंच कडा) देणार, सगळीकडे जाडी वाढवली तर जडत्व फार वाढतं.